नाताळच्या आठवड्यात जुनाच सिनेमा लावा

डिसेंबरचा शेवटचा आठवडा जवळ आला की रामदासपेठेतल्या घरांमधल्या बंद खोल्या उघडतात. गाद्या उन्हात पडतात, गिझर दुरुस्त होतात. पुण्याची, बंगळुरूची, न्यू जर्सीची मुलं नाताळच्या सुट्टीत येतात आणि बघता बघता परत निघतात. ते दिवस कसे जातात हे आपण सगळेच जाणतो. लग्नं, खरेदी, एखादी ताडोबाची फेरी, आणि संध्याकाळी एकाच दिवाणखान्यात बसून जो तो आपापल्या मोबाइलमध्ये. माझी विनंती एवढीच आहे की यातली एक संध्याकाळ राखून ठेवा आणि सगळ्यांनी मिळून एक सिनेमा बघा. नवा नको. घरातल्या बहुतेकांनी आधी बघितलेला, आणि दरवर्षी तोच.

नवा सिनेमा निवडण्यातच तास जातो. मग आजीला गोष्टीचा धागा सापडत नाही, ‘हा कोण’ असं विचारायचा संकोच वाटतो आणि ती अर्ध्यातून उठून झोपायला जाते. बघितलेल्या सिनेमात हा ताण नसतो. पुढचं ठाऊक असल्यामुळे मध्येच बोलता येतं, हशाची जागा यायच्या आधीच हसता येतं. शिवाय सिनेमा तोच राहिला तरी आपलं वय पुढे सरकलेलं असतं. ‘थ्री इडियट्स’ आला तेव्हा फरहानच्या बाजूने बसलेली मुलं आज स्वतः आईबाप झाली आहेत. आता त्यांची नजर फरहानच्या वडिलांच्या चेहऱ्यावर थांबते.

हे उदाहरण मुद्दाम घेतलं. राजकुमार हिरानी आपल्या नागपूरचे, त्यांच्या वडिलांची टायपिंगची संस्था इथेच होती. आणि त्यांचे बहुतेक सिनेमे नाताळच्याच सुमारास आले. ‘मुन्नाभाई एम.बी.बी.एस.’ १९ डिसेंबर २००३ला, ‘थ्री इडियट्स’ २५ डिसेंबर २००९ला, ‘पीके’ १९ डिसेंबर २०१४ला, ‘डंकी’ २१ डिसेंबर २०२३ला. अमेरिकेत नाताळचे म्हणून ठरलेले सिनेमे असतात. आपल्या गावाला ते शोधायला लांब जावं लागत नाही.

त्यातही रामदासपेठेने ‘मुन्नाभाई’च लावावा, असं मला मनापासून वाटतं. आपल्या गल्लीगल्लीत दवाखाने आहेत. चंद्रपूर-गडचिरोलीहून, बालाघाट-छिंदवाड्याहून आलेले नातेवाईक औषधाच्या दुकानाबाहेर पायरीवर बसलेले आपण रोज पाहतो, आणि रोज पाहून नजर बोथट होते. या सिनेमात एक उडाणटप्पू माणूस फरशी पुसणाऱ्या चिडक्या म्हाताऱ्याला मिठी मारून त्याचे आभार मानतो. पेशंटचं नाव विचारायला सांगतो. वैद्यकीयदृष्ट्या त्यातलं बरंच काही अशक्य आहे, घरातले डॉक्टर ते सांगतीलच, आणि सांगू द्या. पण त्या मिठीच्या प्रसंगाला तेही गप्प होतात. सुनील दत्त यांचा हा शेवटचा चित्रपट. मुलगा खोटं बोलला हे कळल्यावरचा त्यांचा चेहरा पुन्हा नीट बघा.

दुसरा सिनेमा सांगतो तो ज्यांच्या घरात आजी-आजोबा आणि नातवंडं दोन्ही आहेत त्यांच्यासाठी. २४ डिसेंबर ही साने गुरुजींची जयंती. १८९९ साली त्या दिवशी पालगडला त्यांचा जन्म झाला. जगभर नाताळची आदली रात्र असते, तेव्हा मराठी घरात ‘श्यामची आई’ लागायला हवा. आचार्य अत्र्यांचा १९५३चा, वनमाला आणि छोट्या माधव वझ्यांचा. राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळवणारा पहिला भारतीय चित्रपट तो हाच. परदेशात वाढलेल्या नातवंडांना सगळं मराठी कळणार नाही, म्हणून आजीने शेजारी बसून सांगत जावं. सिनेमाइतकंच ते सांगणंही मुलांच्या लक्षात राहील. काळ्या-पांढऱ्या जुन्या चित्राला मुलं कंटाळली, तर सुजय डहाके यांचा २०२३चा ‘श्यामची आई’ आहे. तोही कृष्णधवलच आहे, पण चित्र स्वच्छ आणि आवाज आजचा.

परका एकच सांगतो. फ्रँक काप्राचा १९४६चा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’. नायक आपल्याकडच्या पतसंस्थेसारखी एक छोटी संस्था चालवतो. ठेवीदारांची झुंबड उडते तेव्हा हनिमूनसाठी ठेवलेले पैसे तो काउंटरवर वाटून टाकतो. आपल्या गावातली बुडालेली पतसंस्था ज्यांनी पाहिली आहे त्यांना तो प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही. प्रदर्शित झाला तेव्हा या सिनेमाचा खर्चही निघाला नव्हता. १९७४मध्ये त्याच्या हक्कांचं नूतनीकरण राहून गेलं, टीव्ही वाहिन्या दर नाताळात तो फुकट दाखवू लागल्या आणि पुन्हा पुन्हा बघूनच लोकांनी तो आपलासा केला.

आता थोडं व्यवहाराचं. सिनेमा कुठे मिळतो हे आठवडाभर आधी बघून ठेवा. त्या संध्याकाळी शोधाशोध नको. ज्येष्ठांना कमी ऐकू येत असेल तर अक्षरपट्टी लावा. ‘थ्री इडियट्स’ जवळजवळ तीन तासांचा आहे, मध्ये थांबा, उकडलेल्या तुरीच्या शेंगा आणि संत्री समोर ठेवा. मोबाइल दुसऱ्या खोलीत, यजमानांचाही. वरच्या मजल्यावर एकटे राहणारे काका-काकू असतील तर त्यांना जेवायलाच बोलवा. आणि सण ज्यांचा आहे ते ख्रिस्ती शेजारी, सहकारी, दवाखान्यातली सिस्टर यांना २५ तारखेला भेटून या. त्या दिवशी सिनेमा नको.

ज्यांची मुलं यंदा येणार नाहीत त्यांनी बेत सोडू नये. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजतात तेव्हा न्यू जर्सीत सकाळचे नऊ झालेले असतात. दोन्हीकडे एकाच वेळी सिनेमा सुरू करा, मध्यंतरात फोन लावा. मात्र तारीख आजच कळवा, म्हणजे ते ती सकाळ मोकळी ठेवतील.