आकाशातली पन्नास मिनिटे, जमिनीवरचे तीन दिवस

कोल्हापूर आणि नांदेड या दोन विमानतळांमधले हवाई अंतर साधारण सव्वाचारशे किलोमीटर भरते. छोट्या शहरांना जोडणारे एटीआर-72 जातीचे विमान ताशी सुमारे 500 किलोमीटर वेगाने उडते. नुसता भागाकार केला तर पन्नास मिनिटे येतात. धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे, उतरण्याआधीचा वळसा हे सारे जमेस धरले की थेट विमानालाही सव्वा तास द्यावा लागेल. तासभर आधीची हजेरी आणि दोन्हीकडचा रिक्षा-टॅक्सीचा वेळ मिळवूनही घरापासून घरापर्यंत साडेतीन तास पुरतील. सोलापूर-लातूरमार्गे रस्त्याने हाच प्रवास नऊ-दहा तास खातो. वाचणारे सहा तास मोलाचे आहेत, पण ते पदरात पडतात फक्त त्याच्याच, ज्याच्या कामाच्या दिवशी विमान असते. आठवड्यातून तीनदाच सुटणारे विमान चुकले, तर पुढच्यासाठी दोन-तीन दिवस थांबावे लागते. तेवढ्यात एसटीने माणूस जाऊन परत येतो. म्हणून प्रादेशिक विमानसेवेची पहिली कसोटी नियमितपणा हीच असली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

छोटी शहरे हवाईमार्गाने जोडण्याच्या केंद्र सरकारच्या 'उडान' योजनेची आखणी मात्र मुख्यतः अंतर आणि उड्डाणाच्या वेळेभोवती झाली. 2017मध्ये पहिले विमान उडाले तेव्हा सुमारे तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार रुपये ही मर्यादा होती, ती निम्म्या आसनांपुरती. तूट भरून काढणारे अनुदान तीन वर्षांचे. याचे फळ 'कॅग'च्या, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांच्या, 2023च्या अहवालात दिसते. योजनेच्या बोलीच्या तिसऱ्या फेरीपर्यंत दिलेल्या 774 मार्गांपैकी 371 सुरू झाले, 112 मार्गांनी तीन वर्षांची मुदत पूर्ण केली आणि मार्च 2023पर्यंत त्यांतले 54 टिकले. दिवाळीत असलेले विमान पाडव्याला असेल की नाही, याची खात्री नसेल तर व्यापारी, रुग्ण, विद्यार्थी आपला बेत त्यावर आखणार नाहीत. आणि त्यांनी पाठ फिरवली की आसने रिकामीच जाणार.

यावर आक्षेप येईल की, प्रवासीच नसताना रोज विमान सोडणे म्हणजे सरकारी पैशाची उधळण. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच मार्ग कमी निवडावेत. जिथे रस्ता किंवा रेल्वे चार-पाच तासांत पोहोचवते, तिथे अनुदान देऊच नये. जिथे घर ते घर निदान अर्धा दिवस वाचतो, तिथेच ते द्यावे, लहान एकोणीस आसनी विमान चालवावे, आणि रद्द झालेल्या प्रत्येक फेरीमागे अनुदान कापावे. दहा मार्गांवर आठवड्याला दोन-दोन फेऱ्या वाटण्यापेक्षा तीन मार्गांवर रोज विमान उडाले, तर लोक त्यावर विसंबतील. लोक विसंबले, तरच तीन वर्षांनंतर तो मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहण्याची आशा धरता येईल.