परदेशातला तालुका

आवडता परदेश कोणता, असं साताऱ्यात किंवा सांगलीत कुणालाही विचारा, उत्तर लगेच मिळतं. कुणी स्वित्झर्लंड म्हणतं, कुणी सिंगापूर. लेकीच्या बाळंतपणाला जाऊन आलेली आजी न्यू जर्सी म्हणते. रस्ते स्वच्छ, माणसं शिस्तीची, कुठं हॉर्न नाही की गोंगाट नाही. हे सगळं खरं असतं आणि मनापासून सांगितलेलं असतं. प्रवासावरच्या या सदरात अशा अनेक सफरींबद्दल मी लिहिलं आहे, पुढंही लिहीन. पैसे साठवून जग बघायला निघालेल्या माणसाबद्दल मला आदर आहे. पण परदेश आवडणं वेगळं आणि परदेशावर जन्मभर जीव जडणं वेगळं. हा फरक समजून घ्यायला पासपोर्ट लागत नाही. आपल्याच दोन जिल्ह्यांत अशी माणसं राहिली, ज्यांच्या लेखी आपला मुलूख हाच परदेश होता.

त्यांच्याकडे बघून माझं एक मत पक्कं झालं आहे. अख्ख्या देशावर जीव जडत नाही, तो कुणाच्या आवाक्यातच येत नाही. जीव जडतो तो एखाद्या तालुक्यावर. तिथल्या पाण्याच्या भांडणात, शाळेच्या प्रश्नात, निवडणुकीत माणूस गुंतला की मग त्याला तिथून उठवत नाही.

कऱ्हाड सोडून कोल्हापूरच्या दिशेनं निघालं की पेठ नाक्याच्या अलीकडे कासेगाव लागतं. वाळवा तालुक्यातलं, चहूबाजूंनी उसात बुडालेलं गाव. या गावात गेल ऑम्वेट राहिल्या आणि 25 ऑगस्ट 2021 रोजी इथंच त्यांनी शेवटचा श्वास घेतला. जन्म 1941 सालचा, अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरातला. साठच्या दशकात त्या पहिल्यांदा भारतात आल्या. पुढं बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात डॉक्टरेटसाठी विषय घेतला तो 1873 ते 1930 या काळातल्या पश्चिम भारतातल्या ब्राह्मणेतर चळवळीचा. महात्मा फुले, सत्यशोधक समाज, गावोगावचे जलसे, ज्यांची आपल्या विद्यापीठांनीही तेव्हा फारशी दखल घेतली नव्हती, ते सगळं या बाईंनी जुनी वर्तमानपत्रं आणि म्हाताऱ्या कार्यकर्त्यांच्या आठवणी धुंडाळून गोळा केलं. 1973 मध्ये प्रबंध पुरा झाला. 1976 मध्ये कासेगावच्या डॉ. भारत पाटणकरांशी लग्न, 1983 मध्ये भारताचं नागरिकत्व.

पण या तारखांपेक्षा मला त्या घराचं मोल जास्त वाटतं. सासूबाई इंदुताई पाटणकर प्रतिसरकारातल्या स्वातंत्र्यसैनिक. सासरे बाबुजीही त्याच लढ्यातले. 1952 साली त्यांचा खून झाला. क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार ज्या मुलखात चाललं, तो तेव्हा एकच सातारा जिल्हा होता. दक्षिण सातारा 1949 मध्ये वेगळा झाला आणि 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. गेलताईंनी पुढं या प्रतिसरकारावरही अभ्यासपूर्ण लेखन केलं. ज्या इतिहासाच्या शोधात संशोधक वर्षानुवर्षं फिरतात, तो त्यांच्या स्वयंपाकघरात भाकरी थापत होता. अशा घरात राहायचं तर पाहुण्यासारखं राहून चालत नाही. आणि त्या तशा राहिल्याही नाहीत.

मग त्या कशा राहिल्या, हे कळायला येरळेच्या वाळूची गोष्ट इथं सविस्तर सांगायला हवी. येरळा खटावात उगम पावते आणि खानापूर, तासगावातून वाहत ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. नकाशावर ती नदी दिसते, पण वर्षातले बरेच महिने तिच्या पात्रात नुसती वाळू असते. ती वाळू पाणी धरून ठेवते, म्हणून काठच्या विहिरींना पाणी असतं. ऐंशीच्या दशकात दुष्काळ पडला आणि त्याच काळात शहरातल्या बांधकामांसाठी ठेकेदारांचे ट्रक पात्रात उतरले. वाळू गेली, पाठोपाठ विहिरी आटल्या. 1982 च्या गिरणी संपामुळं मुंबईहून गावी परतलेले कामगार आणि रोजगार हमीवर खडी फोडणारे शेतकरी एकत्र आले आणि मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. बलवडी आणि तांदूळवाडीच्या लोकांनी मागणी केली ती अशी: नदीतल्या वाळूवर पहिला हक्क गावाचा, थोडी वाळू आम्हीच विकू आणि त्या पैशातून आमचं धरण आम्ही बांधू. त्यांनी ते बांधलंही. त्याला नाव दिलं बळीराजा स्मृती धरण.

त्याहून मोठी गोष्ट पाणीवाटपाची. ज्याची जमीन जास्त त्याला पाणी जास्त, हा कृष्णाकाठचा रिवाज त्यांनी मोडला. पाणी सगळ्यांना सारखं, भूमिहीनालाही वाटा, आणि त्या पाण्यावर ऊस घ्यायचा नाही. उसाच्या वाळव्यात राहणाऱ्या गेलताई पाण्यासाठी तडफडणाऱ्या खानापूरच्या बाजूनं उभ्या राहिल्या, चळवळीत वावरल्या आणि जगाला कळावं म्हणून तिच्याबद्दल इंग्रजीत लिहीत राहिल्या. सांगली जिल्ह्यात पूर्व-पश्चिम हा भेद किती खोल आहे, हे इथं जन्मलेल्यालाही उशिरा उमगतं. त्यांना तो उमगला आणि त्यांनी आपली बाजू निवडली.

बाजू निवडली की भांडणं आलीच. 1999 मध्ये नर्मदेच्या प्रश्नावर अरुंधती रॉय यांचा लेख देशभर गाजला, तेव्हा गेल ऑम्वेट यांनी त्यांना जाहीर पत्र लिहिलं. धरणग्रस्तांच्या न्यायाबद्दल दुमत नव्हतं. आधी पुनर्वसन, मग धरण ही घोषणा तर आपल्याच कृष्णाखोऱ्यातल्या धरणग्रस्तांची. पण पाण्यावाचून होरपळणाऱ्या शेतकऱ्यालाही पाणी हवं असतं, धरणच नको म्हणून त्याचा प्रश्न सुटत नाही, हे त्यांनी सडेतोड सांगितलं. डाव्या चळवळीतल्या कित्येक मित्रांना ते रुचलं नाही. शेतकरी आणि बाजार याबद्दलची त्यांची मतंही अनेक सोबत्यांना पटली नाहीत. मला मात्र या वादातच त्यांचं या मातीशी असलेलं नातं दिसतं. पाहुणा यजमानाच्या घरातल्या भांडणात बोलत नाही. ज्याला तिथंच राहायचं असतं, तो बोलतो.

कासेगावहून उत्तरेला, सातारा जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला फलटण. तिथं मॅक्सीन बर्नसन. गावाच्या मॅक्सीनमावशी. याही अमेरिकेच्या. साठच्या दशकात आधी हैदराबादला इंग्रजी शिकवायला आल्या, मग फलटणला. त्यांनी प्रबंधाला विषय निवडला तो फलटणमधल्या माणसांच्या बोलण्याचा: कोणत्या घरात, कोणत्या जातीत, किती शिकलेल्या माणसाच्या तोंडी मराठी कशी बदलते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांना 1973 मध्ये मिळाली ती त्यावर. लेखिका जाई निंबकर यांच्यासोबत त्यांनी मराठी शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांसाठी व्याकरण, वाचनपाठ आणि शब्दकोश तयार केले. मराठी शिकायला पुण्यात येणाऱ्या अमेरिकन मुलांच्या किती तुकड्या त्यावर घडल्या असतील. 1978 मध्ये त्यांनी भारताचं नागरिकत्व घेतलं.

अभ्यास संपला होता, पदवी मिळाली होती. संशोधक साधारणपणे या टप्प्यावर परत जातो. मॅक्सीनमावशी गेल्या नाहीत, कारण फलटणची माणसं कशी बोलतात हे ऐकता ऐकता त्यांच्या लक्षात आलं होतं की त्यातली कितीतरी मुलं शाळेत जाऊनही वाचायला शिकत नाहीत. मुलाची घरची बोली चुकीची ठरवली की त्याचं तोंड मिटतं, आणि तोंड मिटलेलं मूल वाचत नाही. म्हणून त्यांनी वर्ग सुरू केले. सगळी मुळाक्षरं आणि बाराखडी घोकून होईपर्यंत मुलाला ताटकळत ठेवायचं नाही. थोडी अक्षरं, एखादी मात्रा, लगेच त्यातून होणारे शब्द, लगेच मुलाला कळेल असं वाक्य. मूल पहिल्या आठवड्यापासून काहीतरी अर्थाचं वाचतं. 1984 मध्ये प्रगत शिक्षण संस्था स्थापन झाली, 1986 मध्ये कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा. इंग्रजी माध्यमाच्या पाट्या तालुक्या-तालुक्यात लागू लागल्या होत्या, त्या काळात जिची मातृभाषा इंग्रजी आहे अशी बाई फलटणमध्ये मराठी शाळा उभी करत होती. आपल्या पालकांनी, आणि मुलांना इंग्रजी शाळेत घालणाऱ्या मराठी शिक्षकांनी, यावर थांबून विचार करावा असं मला फार वाटतं.

शाळेला ज्यांचं नाव दिलं, त्या कमला निंबकरही अमेरिकन. माहेरचं नाव एलिझाबेथ लंडी. क्वेकर घरातली मुलगी, विष्णू निंबकरांशी लग्न करून 1930 मध्ये भारतात आली. व्यवसायोपचार म्हणजे अपघातानं किंवा आजारानं अधू झालेल्या माणसाला पुन्हा आपली कामं आपण करायला शिकवणं. त्याचं देशातलं पहिलं विद्यालय त्यांनी 1950 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू केलं. त्यांचे चिरंजीव बनबिहारी निंबकर फलटणला शेतीसंशोधनात रमले आणि 1968 मध्ये निंबकर कृषी संशोधन संस्था उभी राहिली. बंगालच्या सुंदरबनातल्या गारोळ मेंढीचा जुळी पिल्लं देणारा गुण आपल्या दख्खनी मेंढीत आणण्याचं काम याच संस्थेचं. माणदेशातल्या धनगराच्या वाड्यावर एका विताला दोन कोकरं होणं म्हणजे काय, हे ज्याच्या घरी मेंढरं आहेत त्यालाच विचारावं.

सगळ्यांनी इथंच मुक्काम ठोकला असं नाही. एलिनॉर झेलियट यांनी आंबेडकरी चळवळीवर आयुष्य घालवलं, पण राहिल्या त्या मिनेसोटातल्या कार्लटन कॉलेजात शिकवत. गेलताई ज्या कॉलेजात शिकल्या, तेच हे. झेलियट येत राहिल्या, जात राहिल्या, 2016 मध्ये निधन होईपर्यंत इथल्या माणसांशी नातं टिकवून राहिल्या. ॲन फेल्डहाउस यांनी ॲरिझोनातून येऊन शिखर शिंगणापूरच्या चैत्री यात्रेचा अभ्यास केला. त्या यात्रेत मुंगी घाटाच्या खड्या चढणीवर पाण्याची जड कावड हातोहात, खांद्याखांद्यावरून वर चढवली जाते, माणसांची साखळी लागते, कुणाचा पाय घसरला तर दुसरा त्याला सावरतो. आपल्यातल्या कितीजणांनी ती कावड चढताना पाहिली आहे? परतणाऱ्याचं प्रेम राहणाऱ्यापेक्षा कमी असं मी मानत नाही. तीही निष्ठाच.

मिरजेचे डॉ. विल्यम वॉन्लेस या सगळ्यांच्या आधीचे. मूळचे कॅनडाचे, 1889 मध्ये आले, 1894 मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केलं. वॉन्लेसवाडी म्हणताना त्यांचं नाव रोज घेतलं जातं. मात्र ते मिशनचं काम होतं, त्यामागं धर्मप्रसाराचा हेतू होता, म्हणून त्यांना मी थोडं वेगळं ठेवतो.

गेलताई, मॅक्सीनमावशी अशा बायकांबद्दल आपण बोलतो तेव्हा पहिलं वाक्य ठरलेलं असतं: अमेरिका सोडून आल्या! जणू सोडणं हाच मोठा पराक्रम. सत्कार, शाल, श्रीफळ, फर्डं मराठी बोलतात म्हणून टाळ्या. यात आपुलकी असते, पण आपण त्यांना दारातच उभं ठेवतो. त्यांनी काय सोडलं यापेक्षा काय धरलं, हे विचारलं तर त्यांच्या पुस्तकांपर्यंत, मतांपर्यंत, वादांपर्यंत जावं लागतं. गेलताईंचा प्रबंध मराठीत आलेला आहे. वाळवा, शिराळा, खानापुरातल्या किती ग्रंथालयांत तो आहे? त्यांनी भारत पाटणकरांसोबत तुकोबांचे अभंग इंग्रजीत नेले, ते आपल्या किती महाविद्यालयांत शिकवले जातात?

आणि हाच प्रश्न उलट बाजूनं आपल्या माणसांनाही विचारायला हवा. विटा, आटपाडी, खानापूरची गलाईवाली माणसं सोनं-चांदी गाळत केरळपासून पंजाबपर्यंत पसरली आहेत. पिढ्या तिथं गेल्या. यात्रेला गावी येतात, देवळाला देणगी देतात, हे त्यांचं मोठेपण. अमेरिकेत, इंग्लंडात नोकरीला असलेली आपली मुलंही गावच्या शाळेला संगणक पाठवतात. पण ती जिथं राहतात तिथल्या नगरपालिकेत, शाळेच्या समितीत, पाण्याच्या वादात ती असतात का? काही असतात आणि त्यांचा मला अभिमान आहे. पुष्कळजण वीस वर्षं राहूनही पाहुणेच राहतात, गणपती आणि दिवाळी आपल्यातच करतात. त्यांनी आपली भाषा, सण सोडावेत असं मी मुळीच म्हणत नाही. मॅक्सीनमावशींनी इंग्रजी कुठं सोडली? पण जिथं मुलं वाढतात, कर भरतो, आजारी पडतो, त्या गावाचं ओझं थोडं तरी खांद्यावर घ्यावं.

हिवाळ्यात शाळांच्या सहली निघतात. कास, महाबळेश्वर, पन्हाळा हे ठरलेलं. यंदा एखाद्या शाळेनं बस बलवडीकडे वळवावी. येरळेच्या पात्रात मुलांना उतरवावं, वाळू हातात घ्यायला लावावी, बंधाऱ्यावर उभं राहून पाणीवाटपाचा नियम कसा ठरला ते गावातल्या जुन्या माणसांना विचारू द्यावं. परतताना कासेगावला थांबावं. आणि फलटणच्या बालभवनात आपल्या शिक्षकांना दोन दिवस नुसतं मागच्या बाकावर बसायला पाठवता येईल का, हे मुख्याध्यापकांनी तिथल्या शाळेला पत्र लिहून विचारावं.