मोजणारे आणि उपसणारे

महाराष्ट्राच्या सुमारे चार-पंचमांश भूभागाखाली काळा पाषाण पसरलेला आहे. त्यात पाणी साठते ते केवळ भेगांत आणि झिजलेल्या थरांत. हे वास्तव शासनाला ठाऊक नाही, असे नाही. 1972 साली राज्याने भूजल सर्वेक्षणासाठी स्वतंत्र यंत्रणा उभारली. तेव्हापासून तिचे भूवैज्ञानिक निरीक्षण-विहिरींची पातळी मोजत आहेत, पाणलोटांचे ताळेबंद मांडत आहेत. या मोजदादीत एकेकाची उभी हयात सरते, आणि निवृत्त होताना किती पाणलोटांत तो मागे ठेवतो ते पाणी खाली गेल्याचे अचूक आकडे!

दोष त्याचा नाही. त्याच्या हाती मोजपट्टी आहे. उपशाचा अधिकार 1882 च्या सुविधाधिकार कायद्याने जमीनमालकाच्या हाती दिला. जमीन ज्याची, तिच्याखालचे पाणी त्याचे! परंतु पाषाणातील भेगा सातबारा पाहून थांबत नाहीत. ज्याच्यापाशी भांडवल आहे तो खोल बोअर घेतो, आणि शेजारच्या अल्पभूधारकाची विहीर कोरडी पडते. भूमिहीनाचा तर या हिशेबात उल्लेखही नाही.

2009 चा भूजल कायदा 2014 मध्ये अमलात आला. शेती व उद्योगांसाठी साठ मीटरपेक्षा खोल विहिरींना त्याने मनाई केली. तरीही बोअरची यंत्रे गावोगाव त्याहून खोल जात आहेत. उलट 2024 मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत झाली. हा लाभ लहान शेतकऱ्यालाही मिळतो, असे सांगितले जाते. ज्याच्या विहिरीत पाणीच उरले नाही, त्याने मोफत विजेचे काय करावे? उपशाची किंमत शून्य झाली की जास्तीत जास्त उपसा हाच शहाणपणा ठरतो, आणि त्याचा भुर्दंड शेजाऱ्यावर पडतो.

दुसरा मार्ग महाराष्ट्रानेच दाखविला आहे. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात पाणी पंचायत उभी केली. दरडोई अर्धा एकर, कुटुंबास कमाल अडीच एकर एवढेच पाणी, उसाला बंदी, भूमिहीनांनाही वाटा. पाण्याचा हक्क जमिनीशी नव्हे, माणसाशी जोडला गेला.

तेव्हा मागणी स्पष्ट असावी : भूजल ही समाजाची ठेव मानावी, पाणलोटाचा ताळेबंद दरवर्षी ग्रामसभेपुढे यावा, आणि पिण्याचे पाणी राखून उरलेल्याची वाटणी माणशी व्हावी. नाहीतर मोजणारे मोजत राहतील, उपसणारे उपसत राहतील!