कादंबरीआधी काय लिहाल?

"कादंबरी तयार आहे, वाचक कुठून आणू?" लिहिणाऱ्या मित्रमंडळींचा हा ठरलेला प्रश्न. आमच्या धंद्यात अर्धवट सॉफ्टवेअरच आधी लोकांच्या हातात देतात. चुका कळतात, वापरणारेही तयार होतात. कादंबरीकार मात्र चार-पाच वर्षं दार लावून बसणार आणि मग एकदम मुखपृष्ठ दाखवून "अवश्य वाचा" म्हणणार. का वाचावं बुवा?

ह. ना. आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' साप्ताहिक काढलं आणि 'पण लक्षात कोण घेतो!' त्यातच हप्त्याहप्त्याने छापली. म्हणजे वाचक आधी, पुस्तक नंतर.

आपल्या परभणीचे आसाराम लोमटे घ्या. 'आलोक' या कथासंग्रहाला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पेशाने पत्रकार. 'धूळपेर' या सदरातून त्यांनी बदलतं गाव शहरी वाचकांपर्यंतही नेलं. पुढे 'तसनस' ही कादंबरी आली, तेव्हा त्या वाचकाला हा मुलूख परका नव्हता.

तर फुकटचा सल्ला. गोष्ट मानवतच्या जिनिंगमध्ये घडते? कापसाचा भाव कसा ठरतो ते लिहा. गंगाखेडची आहे? गोदाकाठच्या बाजाराचा एक दिवस लिहा. पात्रांच्या बोलीतला एकेक शब्द घ्या, तो कुठे आणि कोण वापरतं ते सांगा. कथानक खुशाल झाकून ठेवा. आठवड्याला दीडशे-दोनशे शब्द, नोकरी सांभाळूनही जमतात.

आणि हो, 'माझी लेखनप्रक्रिया' हा विषय टाळाच. तो फक्त दुसरे लेखक वाचतात, आणि ते पुस्तक विकत घेत नाहीत :)