ग्रंथपालाचे शिक्षण : एक दुर्लक्षित प्रश्न

वैद्याचे अध्ययन पदवीने संपत नाही, हे आपल्या शास्त्राला नव्याने सांगावे लागत नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात, वैद्य होऊ इच्छिणाऱ्याने अध्ययनास कोणता ग्रंथ निवडावा याची परीक्षा प्रथम सांगितली आहे. आचार्यपरीक्षा त्यानंतर येते आणि तद्विद्यसंभाषेचा विचारही त्याच अध्यायात येतो. योग्य ग्रंथ योग्य हाती पडणे ही विद्येची पहिली पायरी मानली गेली. आज ती पायरी सांभाळतो तो महाविद्यालयाचा ग्रंथपाल. वैद्यांसाठी निरंतर शिक्षणाचे वर्ग भरतात, राष्ट्रीय आयुर्वेद विद्यापीठामार्फत केंद्राच्या योजनेतून अध्यापकांसाठी कार्यक्रम होतात. ग्रंथपालाच्या शिक्षणाचा विषय मात्र आपल्या कार्यक्रमपत्रिकेवर क्वचितच येतो. तो यावा आणि त्याची जबाबदारी आपल्या संघटनेने उचलावी, हे सुचविण्यासाठी हा लेखनप्रपंच.

हा प्रश्न केवळ महाविद्यालयाचा नाही, तो आपल्या चिकित्सालयाचाही आहे. २०२१ च्या जुलै महिन्यात गुळवेलीसंबंधी जे वादळ उठले ते आठवावे. मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल सेवन करणाऱ्या सहा रुग्णांत यकृतास इजा झाल्याचा लेख प्रसिद्ध केला. आयुष मंत्रालयाने तत्काळ खुलासा करून, वनस्पतीची ओळख लेखकांनी नीट पटविलेली नाही आणि टिनोस्पोरा क्रिस्पासारख्या साम्य असणाऱ्या वनस्पती आहेत, असा आक्षेप घेतला. पुढे २०२२ मध्ये निरनिराळ्या १३ केंद्रांतील ४३ रुग्णांची माहिती देणारा दुसरा लेख आला. या काळात रुग्ण आपल्याला एकच विचारत होते : "गुळवेल घेऊ की नको?" याचे उत्तर वर्तमानपत्रातील मथळ्यावरून देता येत नाही. मूळ लेख, त्यातील रुग्णांचा पूर्वेतिहास, मात्रा, काळ, वनस्पतीची परीक्षा आणि मंत्रालयाचा खुलासा हे सर्व एकत्र समोर असावे लागते. प्रशिक्षित ग्रंथपाल हे काम एका दिवसात करून देऊ शकतो. तसा ग्रंथपाल नसेल, तर एक वैद्य सरसकट नकार देतो आणि दुसरा सरसकट होकार देतो. दोन्हींत हानी रुग्णाचीच.

औषधनिर्मात्या बंधूंचा संबंध तर याहून निकटचा. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० याच्या पहिल्या अनुसूचीत पन्नासाहून अधिक प्रमाणग्रंथांची यादी आहे आणि शास्त्रीय औषधाचा परवाना त्यांतील पाठावर उभा असतो. २०१० मध्ये आलेल्या नियम १५८-ब नुसार स्वामित्व औषधांसाठीही ग्रंथाधार व प्रकाशित साहित्य दाखवावे लागते. येथे पाठभेद, मान-परिमाण आणि द्रव्यांची नावे यांचा काटेकोरपणा लागतो. एकट्या 'रास्ना' या नावाने उत्तरेत प्लुचिया लॅन्सिओलाटा, दक्षिणेत अल्पिनिया गलंगा आणि बंगालकडे वांडा ही वनस्पती घेतली जाते. केवळ 'रास्ना' हा शब्द टाकून संशोधन शोधणाऱ्याच्या हाती तीन निरनिराळ्या द्रव्यांची माहिती एकत्र येईल, आणि त्यांतील उपयुक्त भाग बहुधा सुटेलच.

मग आपला ग्रंथपाल हे का करू शकत नाही? दोष त्याचा नाही. त्याने घेतलेले ग्रंथालयशास्त्राचे शिक्षण सर्वसाधारण ग्रंथालयासाठी आखलेले असते. तेथे तो दशांश वर्गीकरण शिकतो. त्यात आयुर्वेदाला औषधोपचाराच्या ६१५ या वर्गात एक लहानसा उपविभाग मिळतो. संहिता, निघंटू, रसग्रंथ आणि पंचकर्मावरील पुस्तके या सर्वांना त्या एका कोपऱ्यात बसवायचे कसे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. डॉ. रंगनाथन यांनी आपल्या वर्गीकरणात आयुर्वेदाला स्वतंत्र स्थान दिले होते, पण ते वापरण्यासाठीही शास्त्राची तोंडओळख हवी. कला-विज्ञान महाविद्यालयांत विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांमुळे ग्रंथपालाचे उजळणी वर्ग पदोन्नतीत धरले जातात. त्या वर्गांत निघंटूंची परिभाषा किंवा वनस्पतींची शास्त्रीय नावे येण्याचे कारण नाही. ती उणीव आपणच भरून काढली पाहिजे.

कोणी म्हणेल, आता सर्व काही मोबाईलवर मिळते, ग्रंथपाल हवा कशाला? मोबाईलवर मिळते ते पुष्कळदा जाहिरात असते. 'पबमेड' १९९७ पासून सर्वांना विनामूल्य खुले आहे, आयुष रिसर्च पोर्टलही खुले आहे. तरी आपल्यापैकी कितीजण त्यांचा नियमित उपयोग करतात? दार उघडे असले तरी वाट दाखविणारा लागतो. अमेरिकेत कॅन्सस सिटी येथे १९७१ मध्ये ग्रंथपाल वैद्यकीय पथकाबरोबर रुग्णालयाच्या फेरीत जाऊ लागले. तेथे उठलेल्या प्रश्नांचे साहित्य शोधून देणे हेच त्यांचे काम होते. तेथील वैद्यकीय ग्रंथपालांची संघटना तर १८९८ पासून आहे. आपल्याला तेवढी उडी घ्यायची नाही, पण दिशा तीच हवी.

दुसरी अडचण साधनांची. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही योजना मंजूर केली. सुमारे १३,००० नियतकालिके तिच्याद्वारे उपलब्ध होतात, परंतु पहिला टप्पा सरकारी संस्थांपुरता आहे. शेजारच्या धाराशिव आणि नांदेड येथे शासकीय आयुर्वेद महाविद्यालये आहेत. खासगी महाविद्यालये मात्र या टप्प्याबाहेर राहतात. ज्या जिल्ह्यातून दरवर्षी हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी बाहेर पडतात, तेथील विद्यार्थी महागडे ग्रंथ विकत घेऊ शकत नाही. विनामूल्य साधनांतून जास्तीत जास्त काढून देणारा ग्रंथपाल हाच त्याचा आधार. पाटोदा, आष्टी किंवा शिरूर कासार येथे व्यवसाय करणाऱ्या वैद्याची स्थितीही याहून फारशी वेगळी नाही.

म्हणून पुढील सूचना विचारार्थ मांडतो.

पहिली, संघटनेच्या प्रत्येक निरंतर शिक्षण कार्यक्रमात जिल्ह्यातील ग्रंथपालांना विनाशुल्क प्रवेश द्यावा.

दुसरी, वर्षातून एकदा बीड किंवा अंबाजोगाई येथे दोन दिवसांची कार्यशाळा घ्यावी. एक दिवस ज्येष्ठ वैद्यांनी संहिता, टीका, निघंटू व रसग्रंथ यांची रचना समजावून सांगावी. दुसऱ्या दिवशी पबमेड, आयुष रिसर्च पोर्टल आणि कोहा किंवा ई-ग्रंथालय या संगणकप्रणाली शिकवाव्यात. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयास सहकार्याची विनंती करता येईल.

तिसरी, दरवर्षी एका ग्रंथपालास हैदराबादच्या राष्ट्रीय भारतीय वैद्यकीय वारसा संस्थेत आठवडाभर पाठविण्याची परवानगी मिळवावी. हस्तलिखिते आणि जुने मुद्रित ग्रंथ यांचे काम तेथे पाहावयास मिळेल. परळीहून हैदराबादकडे रेल्वे जाते. खर्च औषधनिर्मात्यांनी वाटून घेतला तर कोणावरही भार पडणार नाही.

चौथी, संस्थाचालकांनी या दिवसांची कर्तव्यरजा द्यावी आणि प्रशिक्षणाची नोंद सेवापुस्तकात घ्यावी. ज्या शिक्षणाची नोंद होत नाही, त्याचा उत्साह दुसऱ्या वर्षी टिकत नाही.

याच्या मोबदल्यात ग्रंथपालांकडून एक अपेक्षा ठेवावी. सभासदाने लेखी प्रश्न पाठविला की आठ दिवसांत संबंधित ग्रंथ व लेखांची सूची त्याला मिळावी, आणि त्यांतील निवडक सूची या त्रैमासिकात छापली जावी.

देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या हेमाद्रीने अष्टांगहृदयावर 'आयुर्वेदरसायन' ही टीका लिहिली. राज्यकारभार सांभाळून टीकाग्रंथ लिहिणारा विद्वान ज्या मराठवाड्यात होऊन गेला, तेथे ग्रंथ सांभाळणाऱ्याला चार दिवसांचे शिक्षण देणे आपल्याला जड जाऊ नये. आगामी वार्षिक सभेपुढे या आशयाचा ठराव यावा आणि औषधनिर्मात्या सभासदांनी त्यास अनुमोदन द्यावे, अशी नम्र विनंती.