वैमानिक यायचे आहेत!

एस.टी. स्टँडवर गाडी फलाटाला लागली की चालक-वाहकाची वाट कोण पाहतो? खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची आणि मग कॅन्टीनमधला चहा संपवून चालकसाहेब कधी येतात याकडे डोळे लावून बसायचे, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. विमानतळावर रुमाल टाकता येत नाही, एवढाच काय तो फरक.

मागे एकदा हिवाळ्यात नागपूरहून पुण्याला येण्यासाठी मी विमानतळावर थांबलो होतो. काचेपलीकडे विमान उभे होते, सामान चढले होते आणि आम्ही शे-दीडशे माणसे हातात बोर्डिंग पास धरून रांगेत उभी होतो. चाळीस मिनिटे झाली तरी दार उघडेना. गेटवरची मुलगी ‘काही कारणाने उशीर आहे’ एवढेच घोकत होती. शेवटी रांगेतल्या एका आजींनी तिला सरळच विचारले, ‘‘बाई, डायवर नाही आला का आजून?’’ ती मुलगी कसनुशी हसली. आजींचा अंदाज अचूक होता. आमचे वैमानिक दुसऱ्या गावाहून दुसरे विमान घेऊन यायचे होते आणि ते विमान अजून आकाशातच होते.

विमान तयार, प्रवासी तयार आणि वैमानिकाचा पत्ता नाही, हे आता नवलाचे राहिलेले नाही. आपल्याला वाटते, विमानाबरोबर वैमानिक असतोच. प्रत्यक्षात विमानाचा दिवस वेगळा आणि वैमानिकाचा वेगळा. एकच विमान दिवसभरात अनेक फेऱ्या मारते, माणसे मात्र मध्येच बदलतात. सकाळी दिल्लीत धुके पडले, की दुपारी नागपूरचे आणि रात्री पुण्याचे गणित बिघडते. शिवाय वैमानिकाच्या कामाचे घड्याळ विमान उडाल्यापासून नव्हे, तर तो कामावर हजर झाल्यापासून सुरू होते. धुके निवळण्याची वाट पाहत बसलेले तासही त्यातच मोजले जातात. मर्यादा संपली, की विमान दारात उभे असले तरी त्याला ते उडवता येत नाही. मग नव्या जोडीला बोलवायचे आणि ती येईपर्यंत थांबायचे.

हा नियम म्हणजे कागदी घोडे नव्हेत. २२ मे २०१० रोजी पहाटे दुबईहून आलेले विमान मंगळूरच्या धावपट्टीपलीकडच्या दरीत कोसळले. विमानातील १६६ जणांपैकी १५८ जण गेले. मुख्य वैमानिक प्रवासात बराच वेळ झोपलेला होता आणि उतरताना त्याच्यावर झोपेचा अंमल होता, असे चौकशीत निष्पन्न झाले. विमान पुन्हा वर न्या, असे सहवैमानिक सांगत होता, तरी ते उतरवले गेले. ऑगस्ट २०२३ मध्ये तर नागपूरच्या विमानतळावर, पुण्याचे विमान घेऊन निघण्याआधी, एक वैमानिक बोर्डिंग गेटजवळच कोसळला आणि दगावला. त्याला नियमानुसार विश्रांती मिळालेली होती. तेव्हा त्या मृत्यूचे खापर थकव्यावर फोडणे योग्य होणार नाही. पण वैमानिकांच्या थकव्याची चर्चा देशभर पुन्हा सुरू झाली, ती त्यानंतर.

८ जानेवारी २०२४ रोजी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नवे नियम जाहीर केले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली. नियमांतली ‘रात्र’ पहाटे पाचऐवजी सहापर्यंत लांबली. रात्रीच्या ड्युटीत सहा वेळा विमान उतरवण्याची मुभा होती, ती दोनवर आली. आणि पुढच्याच रविवारी दिल्लीत काय घडले, ते वाचकांना आठवत असेल. धुक्यामुळे तासन्‌तास रखडलेल्या गोव्याच्या विमानात एक वैमानिक उशिराची सूचना देत असताना एका प्रवाशाने धावत जाऊन त्याला ठोसा मारला. आधीच्या वैमानिकांची ड्युटीची मर्यादा संपल्यामुळे जो बदली आला होता, त्याच्याच वाट्याला हा मार आला!

नवे नियम १ जून २०२४ पासून लागू व्हायचे होते. कंपन्यांनी मनुष्यबळाची अडचण पुढे केली, तारीख लांबली, वैमानिकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. अखेर १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत नियम आले. म्हणजे तयारीला जवळपास दोन वर्षे मिळाली होती. तरीही डिसेंबर उजाडताच देशातील सर्वांत मोठ्या कंपनीचे, इंडिगोचे, वेळापत्रक कोसळले. ३ ते ५ डिसेंबर या तीन दिवसांत अडीच हजारांहून अधिक उड्डाणे रद्द झाली आणि तीन लाखांवर प्रवासी अडकले. कोणी स्वतःच्या लग्नाच्या स्वागत समारंभाला मुकले, कोणाच्या परीक्षा चुकल्या.

मग सरकारने काय केले? इंडिगोला रात्रीच्या नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली. साप्ताहिक विश्रांतीच्या जागी रजा धरू नये, ही सूचनाही मागे घेतली. पुढे कंपनीच्या फेऱ्या दहा टक्क्यांनी कमी केल्या, चौकशी झाली, जानेवारीत २२ कोटींहून अधिक दंड झाला. हाताशी राखीव काही न ठेवता माणसे आणि विमाने काठोकाठ वापरण्याचा हव्यास, हे चौकशीत नोंदवलेले एक कारण. पण ऐन अडचणीच्या दिवशी पहिली कात्री लागली ती वैमानिकाच्या झोपेला.

मला खटकते ते इथेच. गेटवर उभे राहून आपण जो आरडाओरडा केला, तोच पुढे करून आपल्याच सुरक्षिततेचा नियम सैल केला गेला. आपल्या घाईचा वापर आपल्याच विरुद्ध झाला आणि विमाने पुन्हा उडू लागली म्हणून आपण सुटकेचा निःश्वास टाकला.

कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. विमान विकत घेता येते, पण कॅप्टन घडायला वर्षे लागतात. राखीव वैमानिक घरी बसवून ठेवायचे तर खर्च वाढतो आणि तो शेवटी तिकिटात येतो. शंभर रुपयांनी स्वस्त तिकीट मिळावे म्हणून रात्री जागून फोनवर दर ताडून पाहणारे आपणच असतो. पण जितके वैमानिक तितक्याच फेऱ्या विकाव्यात, हा साधा हिशेब आहे. माणसे नसताना तिकिटे विकायची आणि नियम आला की प्रवाशांच्या हालांकडे बोट दाखवायचे, याला व्यवसाय म्हणत नाहीत.

प्रवासी म्हणून आपण एवढे तरी मागू शकतो, की खरे कारण सांगा. ‘वैमानिकांची वेळ संपली, दुसरे दीड तासात येतील’ हे वाक्य बोलायला गेटवरच्या मुलीला परवानगी हवी. खरे कारण कळले, की माणसे थांबतात. एस.टी.च्या स्टँडवर थांबतातच की!

त्या रात्री नागपूरला आमचे वैमानिक अखेर आले. लहान बॅगा ओढत, भराभर चालत. रांगेतून कुणीतरी उपहासाने टाळ्या वाजवल्या, दोघा-तिघांनी साथ दिली. पुढचा तरुण वैमानिक मान खाली घालून आत गेला. आजी त्याच्याकडे बघत होत्या. माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, ‘‘झोप झाली असन ना वो पोराची?’’

शे-दीडशे माणसांच्या त्या रांगेत हा प्रश्न दुसऱ्या कुणाला सुचला नव्हता. मलाही नाही.