ओट्स डब्यातले, कण्या आपल्या!

सकाळच्या पहिल्या लेक्चरला वर्गात दोन प्रकारची मुलं असतात. एक, ज्यांच्या पोटात नाश्ता आहे आणि दुसरी, ज्यांच्या पोटात फक्त कटिंग चहा आहे. दुसऱ्या प्रकारची मंडळी अकरा वाजता कँटीनच्या वडापाववर तुटून पडतात. त्यात हॉस्टेलवाले जास्त, हे आमच्या रेक्टर सरांनाही ठाऊक आहे!

यावर हल्ली रूमारूमांतून एक उपाय दिसतो. ओट्सचं मसाला पाकीट. गरम पाणी ओता, तीन मिनिटं थांबा, खा. ज्याचा खिसा जरा बरा तो 'स्टील कट ओट्स'चा डबा आणतो. नाव ऐकून वर्कशॉपमधला जॉब वाटावा, पण अर्थ अगदी साधा आहे. साल काढलेला ओटचा दाणा पोलादी पात्यांनी दोन-तीन तुकड्यांत कापायचा, बस्स! पोह्यांसारखे दिसणारे ओट्स म्हणजे तोच दाणा वाफवून रोलरखाली चपटा केलेला. झटपट ओट्स त्याहून पातळ.

आता सांगा, कापलेल्या-भरडलेल्या धान्याला आपल्या घरी काय म्हणतात? कण्या! ज्वारीच्या कण्या ताकात घालून आपल्या आज्या-पणज्या जेवल्या. गव्हाचा लापशी रवा आजही प्रत्येक वाण्याकडे मिळतो. गंमत अशी की आपली कणी गरिबाची म्हणून ताटातून गेली आणि परदेशी कणी डब्यात बसून परत आली. ज्या ओटचा डबा आपण कपाटात कुलूप लावून ठेवतो, तो महाराष्ट्रात मुख्यतः जनावरांच्या चाऱ्यासाठी पेरतात. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा 'फुले हरिता' हा ओटचा वाण चाऱ्याचाच!

म्हणजे ओट्स वाईट का? मुळीच नाही. माझं म्हणणं एवढंच की त्यांचा मोठा गुण कणीत आहे, डब्यात नाही.

इंजिनिअरिंगच्या मुलांना हे समजायला जड नाही. उष्णता आणि पाणी दाण्याच्या मध्यापर्यंत पोचायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाबरोबर वाढतो. जाडी दुप्पट, तर वेळ साधारण चौपट. म्हणून कण्या शिजायला पंचवीस-तीस मिनिटं घेतात. पोटातही तेच होतं. जाड तुकडा सावकाश पचतो, साखर हळूहळू रक्तात उतरते. ग्लुकोजला १०० धरलं तर स्टील कट ओट्सचा ग्लायसेमिक इंडेक्स ५५ च्या आसपास, झटपट ओट्सचा ७५ च्या आसपास. धान्य तेच, फरक फक्त आकाराचा!

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. ओट्समध्ये बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू असतो आणि तो कोलेस्टेरॉल कमी करायला मदत करतो. रोज ३ ग्रॅम पोटात गेला तर उपयोग होतो, असं पाकिटावर छापायला अमेरिकेच्या एफडीएने १९९७ साली परवानगी दिली. गव्हात-ज्वारीत तो फारच कमी. पण जवात तो भरपूर असतो आणि जव आपल्याला परके नाहीत. तांदळाची कणी मात्र या हिशेबात धरू नका. तिचा कोंडा गिरणीतच गेलेला असतो.

आता करायचं कसं? सुट्टीत घरी गेलात की एक वाटी ओट्सच्या कण्या रात्री तीन वाट्या पाण्यात भिजत घाला. सकाळी मंद आचेवर दहा-बारा मिनिटांत शिजतात. उपमा हवा असेल तर कोरड्या कण्या आधी खमंग भाजा, मग कांदा, मिरची, कढीपत्त्याची फोडणी. कुकरमध्ये लावल्या तर भांडं एक तृतीयांशच भरा. फेस वर येऊन शिट्टीचं भोक तुंबतं.

केकमध्ये कच्च्या कण्या घालू नका, दाताखाली खडे लागतात. एक वाटी शिजवून गार केलेल्या कण्या, दोन वाट्या कणीक, दोन कुस्करलेली केळी, अर्धी वाटी गूळ, पाव वाटी तेल, दीड चमचा बेकिंग पावडर आणि लागेल तसं दूध. वसईकरांनी त्यात सुकेळीचे तुकडे घालावेत! राजेळी केळी उन्हात सुकवून केलेला हा आगाशी-वसईकडचा मेवा अशा केकात बेदाण्यांना मागे टाकतो. ओव्हन नसला तरी चालेल. कुकरची रिंग आणि शिट्टी काढा, तळाशी मीठ पसरून दहा मिनिटं तापवा, वर डबा ठेवा आणि मंद आचेवर पाऊण तास विसरून जा.

हॉस्टेलवर किटलीचा उपयोग नाही. पाणी उकळलं की वाफेने आतली बायमेटल पट्टी वाकते आणि स्विच पडतो. कण्यांना तर अर्धा तास मंद आच हवी. त्यापेक्षा रुंद तोंडाचा थर्मास घ्या. तो गरम पाण्याने विसळा, पाऊण वाटी कण्या, चिमूटभर मीठ आणि अडीच वाट्या उकळतं पाणी घालून झाकण घट्ट लावा. सकाळपर्यंत तयार. ना शेगडी, ना नियमभंग! ही युक्ती लापशी रव्यालाही चालते.

पण प्रत्येकाने थर्मास घेऊन बसणं हा काही खरा तोडगा नव्हे. ज्याच्या घरून महिन्याचे पैसे मोजून येतात त्याने डबा कुठून आणायचा? वसईच्या बाजारात ओट्सच्या डब्याचा आणि लापशी रव्याचा किलोचा भाव एकाच दिवशी विचारा, फरक आपोआप कळेल. म्हणून मेस कमिटीला एक विनंती. आठवड्यातून एक सकाळ ब्रेड-जॅमला सुट्टी द्या. एकदा भाज्या घातलेला लापशीचा उपमा, एकदा ज्वारीच्या कण्या आणि ताक. महिनाभर करून बघा आणि रोज ताटात किती उरतं त्याचं वजन करा. ब्रेडपेक्षा जास्त उरलं तर बंद करा, आम्ही तक्रार करणार नाही.

कमी उरलं तर मात्र पहिल्या लेक्चरला निम्मा वर्ग जागा का आहे, हे सरांना विचारावं लागणार नाही!